दलेकाने न झाडलेले मैदान

आमच्या फेहिगिली बेटावर पहाटेची नमाज आटोपली की बायका खराटे घेऊन बाहेर पडतात आणि समुद्र उजळेपर्यंत सगळे रस्ते झाडून काढतात. हे काम त्यांना कोणत्याही खात्याने नेमून दिलेले नाही; म्हणूनच ते रोज होते. प्रत्येकीचा वाटा आईकडून लेकीकडे आलेला असतो. दलेकाच्या वाट्याला धक्क्याजवळचे मोकळे मैदान आले होते, आणि तिने झाडलेली पांढरी वाळू इतकी नितळ दिसे की परका माणूस तिच्यावर पाय ठेवण्यापूर्वी नकळत चपला काढी.

मी या बेटावरील शाळेचा मुख्याध्यापक. कैरोला व्याकरण आणि न्यायशास्त्र शिकलो, आणि इथे येऊन वर्गातले पावसाचे पाणी उपसतो. शाळेचे छप्पर गळते हे राजधानीला कळवून कळवून माझी लेखणी झिजली. उत्तरादाखल एकदा खडूचे खोके आले, तेही ओले. परंतु आज लिहायला बसलो आहे ते तक्रार करण्यासाठी नव्हे. निदान, केवळ तक्रार करण्यासाठी नव्हे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. दलेका तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेली, उंच आणि काटक बाई होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे मधल्या पेरापाशी वाकलेली होती आणि ती बोटे ती इतर बायका बांगड्या मिरवतात तशी मिरवीत असे. बाशीच्या खेळात चेंडू झेलताना ती मोडली होती. बाशी हा आमच्या बायकांचा खेळ. मध्ये जाळे बांधतात. एका बाजूची बाई जाळ्याकडे पाठ करून उभी राहते आणि रॅकेटने चेंडू डोक्यावरून मागे भिरकावते. पलीकडच्या बायकांनी तो उघड्या हातांनी झेलायचा. झेलला तर मारणारी बाद. सुटला तर झेलणाऱ्यांची उडवलेली खिल्ली सबंध बेटाला ऐकू जाते. दलेकाने मारलेला चेंडू झेलणे म्हणजे माडावरून सुटलेले शहाळे झेलणे, असे तरण्या मुलीसुद्धा म्हणत. सगळ्या तिला दैता, म्हणजे थोरली बहीण म्हणत. तिच्याहून मोठ्या बायकाही.

बेटाचा सरकारनियुक्त प्रमुख, कतीब शुजाऊ, हा तिचा नवरा होता. दोनदा होता आणि दोनदा नव्हता. आमच्या बेटांवर यात नवल वाटण्यासारखे काही नाही. "पहिला तलाक माझ्या घोरण्यापायी, दुसरा तिच्या हसण्यापायी," असे शुजाऊ स्वतःच सांगे. तलाकानंतर ती समोरच्या घरात राहायला गेली, आणि तेव्हापासून दोघांचे भांडण रस्ता ओलांडून होत असल्यामुळे ते सर्वांना नीट ऐकू येऊ लागले.

पोटासाठी दलेका मासा वाळवीत असे. पुरुषांनी गळाने धरून आणलेला कुपा मिठाच्या पाण्यात उकडायचा, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरायचा आणि मग तो लाकडासारखा टणक होईपर्यंत उन्हात वाळवायचा. हे काम बायका घरामागच्या झोपड्यांत करीत. त्या झोपड्यांना धुराडे नव्हते. धूर आधी माशाला लागे, मग डोळ्यांना, मग छातीला. चाळिशीतल्या बाईचे डोळे आमच्याकडे सत्तरीतल्या माणसासारखे पाणावलेले असत. म्हणून बायकांच्या समितीने, म्हणजे दलेकाने, धुराडे असलेल्या पक्क्या शेडची मागणी केली. मागणी राजधानीमार्गे कोलंबोतील जपानी वकिलातीकडे गेली. त्या काळी आमच्या देशात जपानची स्वतंत्र वकिलात नव्हती. आणि नवल असे, की ती मंजूर झाली. शाळेच्या छपराची मागणी त्याच बोटीतून गेली होती. ती कोठे उतरली हे अद्याप कळलेले नाही.

जागा पाहण्यासाठी कोलंबोहून वीरक्कोडी नावाचे अभियंता आले. समुद्रातील खडकांमधली आमची वाट उतरत्या उन्हात दिसेनाशी होते, त्यामुळे बाहेरची लाँच नेहमी सकाळी येते आणि दुपारीच परत निघते. वीरक्कोडी भर दुपारी मैदानावर उभे राहिले. बायका घरात, पुरुष समुद्रावर. समोर पांढरी, गुळगुळीत वाळू. तिच्यावर पक्ष्याच्या पायाचासुद्धा ठसा नाही.

"ही जागा कोणाच्या वापरात आहे का?" त्यांनी विचारले.

"छे हो, साहेब!" शुजाऊ म्हणाला. "तुमचीच समजा."

शुजाऊ खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. पाहुण्यापुढे घरातली उत्तम वस्तू ठेवायची आणि ती आपल्याला नकोच आहे असे भासवायचे, हा आमच्याकडील शिष्टाचार. वीरक्कोडींनी छायाचित्रे घेतली, नकाशा काढला, आणि तो नकाशा कोलंबोमार्गे टोकियोला गेला. बायकांना हे कळले ते पुढल्या वर्षी फेब्रुवारीत, करारावर सही करायला वकिलातीतील एक बाई येणार अशी वर्दी शुजाऊने दिली तेव्हा, म्हणजे पाहुणी यायला आठवडा उरला असताना.

धक्क्याजवळच्या उंडीच्या झाडाखाली काथ्याच्या जाळीच्या बैठका आहेत. शुजाऊ तिथे पान लावीत बसला होता. दलेका आली आणि उभीच राहिली.

"अरे कतीबा, शेड कुठं बांधणार म्हणालास?"

"मैदानावर. धक्का जवळ, जागा साफ. झाड तोडायला नको, खड्डा भरायला नको."

"आणि आम्ही बाशी कुठं खेळायची? तुझ्या टकलावर?"

"अगं, पन्नाशी उलटली तुझी! पुरे की आता ते चेंडूमागं धावणं."

"मी धावत नाही. मी मारते, दुसऱ्या धावतात. जागा बदलून घे."

"कसं बदलून घे? दिलेला शब्द आहे. माणूस आपल्याला सदरा शिवून देतोय आणि आपण म्हणायचं बाह्या आखूड करा? लाज नाही का वाटत?"

मी तिथेच होतो. वस्तुस्थिती सांगणे माझे कर्तव्य असल्याने सांगितली: जपान सरकारचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, जागा बदलण्यासाठी अर्ज केला तर तो आधी आमच्या राजधानीत जाईल, आणि राजधानीत गेलेल्या कागदाचे काय होते याविषयी माझ्याइतका अनुभवी माणूस या कंकणद्वीपात दुसरा नाही. मंजूर पैसा परत जाईल, आणि शेडही.

"ऐकलंस?" शुजाऊ म्हणाला. "मास्तर शिकलेला माणूस आहे."

"मास्तर शिकलेला आहे म्हणून त्याला फक्त काय होणार नाही तेवढंच कळतं," दलेका म्हणाली.

संध्याकाळी बायका मैदानावर जमल्या, पण खेळायला कोणी उठेना. झुलफा नावाची तिची शेजारीण म्हणाली, "दैता, खरं सांगू? मला मैदान नको, डोळे हवेत. माझ्या सुनेचं तोंड मी धुरातूनच पाहिलंय."

"चांगलंच आहे की. सून तशीच बरी दिसते," दलेका म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मग ती खाली बसली. "डोळे मलाही हवेत गं. पण पुरुषांना धक्का आहे, मशिदीचं अंगण आहे, चहाचं दुकान आहे. आपल्याला काय आहे? घरात हसले तर नवरा म्हणतो हळू. रस्त्यात हसले तर कतीब म्हणतो हळू. या एवढ्या वाळूवर मी ओरडते तेव्हा मला कुणी हळू म्हणत नाही. माझी आई इथं ओरडली, मी ओरडले. मला दोन्ही हवंय. शेडही आणि हेही."

"दोन्ही कुणाला मिळतं का?"

"मागितल्याशिवाय नाही मिळत."

"पण मागायचं नाही ना! पाहुणीसमोर तोंड उघडलंस तर कतीब तिसऱ्यांदा तलाक देईल."

"त्यासाठी त्याला आधी तिसऱ्यांदा निकाह करावा लागेल," दलेका म्हणाली. पण त्या रात्री ती हसली नाही, हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कळले.

उपाय तिला सुचला तो झाडताना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मशिदीतून परतत होतो, तर ती मैदानाच्या मधोमध खराटा टेकून उभी होती.

"मास्तर, त्या अभियंत्याला जागा रिकामी आहे असं कुणी सांगितलं?"

"शुजाऊने."

"नाही. शुजाऊच्या आधी माझ्या खराट्यानं सांगितलं. आदल्या संध्याकाळी आम्ही वीसजणी इथं नाचलो होतो, आणि सकाळी मी सगळं पुसून टाकलं. मीच पुसलं!"

एवढे बोलून ती पुन्हा झाडू लागली.

पाहुणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी दलेकाने सगळ्या बायकांना खेळायला बाहेर काढले. असा सामना मी पाहिला नव्हता. तीन लेकरांच्या आया, नातवंडांच्या आज्या, सगळ्या धावल्या. दिवेलागणीपर्यंत वाळू अशी उधळली गेली की मैदान म्हैस लोळल्यासारखे दिसू लागले. मग तिने जाळे सोडवून गुंडाळले आणि बजावले, "उद्या सकाळी बेट आरशासारखं झाडायचं. पण या मैदानाला खराटा लागता कामा नये."

परदेशची पाहुणी येणार आणि धक्क्यावर उतरताच तिला न झाडलेली जागा दिसणार! आमच्याकडे न झाडलेले अंगण म्हणजे घरातल्या बाईची उघडी पडलेली अब्रू. आणि ही अब्रू दुसऱ्या कोणाची नव्हे, दलेकाची होती. झुलफा म्हणाली, "दैता, नाव तुझं जाईल."

"जाईना. नाव काय, परत झाडून काढता येतं."

सकाळी ती मैदानाच्या कडेला बसून राहिली. तिचे हात मात्र ऐकत नव्हते. ती मांडीवर बोटांनी झाडीत होती. मशिदीपासून धक्क्यापर्यंत सारे बेट धुतल्यासारखे झाले होते, आणि त्यात ते मैदान एखाद्या स्वच्छ सदऱ्यावरील मोठ्या डागासारखे उठून दिसत होते. शुजाऊ नवा पांढरा सदरा घालून आला. त्याने ते पाहिले.

"दलेका! हे काय?"

"मैदान."

"झाडलं नाहीस?"

"कंबर धरलीय."

"काल उड्या मारताना धरली नव्हती! अगं, बाई जपानहून येतेय. जपानहून! ती लोकं म्हणे बोटीत चढतानासुद्धा बूट पुसतात. ऊठ!"

"तुला एवढी घाई आहे तर हा घे," ती म्हणाली आणि तिने खराटा त्याच्यापुढे धरला.

त्याने तो खरोखरच घेतला. आमच्या बेटाच्या ज्ञात इतिहासात पुरुषाने खराटा हातात धरल्याचा हा पहिला प्रसंग असावा. त्याने तो वल्ह्यासारखा धरला, वाकला आणि एकदा ओढला. वाळूचा फवारा उडून थेट त्याच्या नव्या सदऱ्यावर आला. मैदानाभोवती उभ्या असलेल्या बायकांतून जो हशा उसळला, त्याने उंडीवरचे पक्षी उठले. झुलफा ओरडली, "कतीब, जोर लावा! तुमची होडी किनाऱ्याला लागेना!" शुजाऊने खराटा टाकला. त्याच क्षणी खडकांपलीकडून लाँचचा भोंगा वाजला.

पाहुणीचे नाव श्रीमती शिनोझुका. वकिलातीत त्या दुय्यम सचिव होत्या. ठेंगण्या, गोल टोपी घातलेल्या, कोणाचेही बोलणे पूर्ण होईपर्यंत मान हलवीत ऐकणाऱ्या. राजनैतिक अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. ते आपल्याकडे पाहतात तेव्हा आपल्यामागे उभ्या असलेल्या महत्त्वाच्या माणसाचा शोध घेत असतात. या बाई ज्याच्याशी बोलत त्याच्याचकडे पाहत. इंग्रजीचा दुभाषा म्हणून मला नेमले होते. मानधनाचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

शहाळी झाली. स्वागत झाले. मग शुजाऊने त्यांना शाळेच्या बाजूने, मशिदीच्या मागून, विहिरीला वळसा घालून नेण्याचा प्रयत्न केला. परंतु बेट लहान आहे, आणि सर्व वळसे अखेर मैदानावरच येतात.

वीरक्कोडींनी नकाशा उघडला. "ही जागा, मॅडम. पूर्णपणे मोकळी..." आणि त्यांचे वाक्य अर्धेच राहिले.

शिनोझुकाबाई मैदानाच्या कडेला थांबल्या. त्यांनी पाय पुढे टाकला नाही. मग उकिडव्या बसल्या. पावलांचे ठसे दोन बाजूंना दाटलेले होते आणि मधून एक अरुंद पट्टी कोरी राहिली होती. पट्टीच्या दोन्ही अंगांना टाचांचे खोल खड्डे होते.

"इथे माणसे एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात," त्या मला म्हणाल्या. "जोर लावून उभी राहतात. कोण?"

शुजाऊने माझा दंड दाबला. मी प्रश्नाचे भाषांतर केले. इतक्या वर्षांत भाषांतराखेरीज माझे काहीच कोणी ऐकलेले नव्हते. निदान ते तरी बिनचूक असावे.

"आम्ही," दलेका म्हणाली. "इथं खेळतो. बाईंना सांगा मास्तर, त्यांना वेळ असेल तर त्यांनीही खेळावं. एवढंच सांगा. बाकी काही सांगू नका."

मी एवढेच सांगितले. वीरक्कोडींचा चेहरा उतरला. "मला जागा वापरात नाही असे सांगण्यात आले होते," ते म्हणाले. "आणि खरोखर, मॅडम, त्या दिवशी इथे एकसुद्धा ठसा नव्हता."

"हे बेट मी आत्ता पाहत आले," शिनोझुकाबाई म्हणाल्या. "कोठेही एक पान पडलेले नाही. फक्त हीच जागा झाडलेली नाही. विसरून राहिली असेल असे मला वाटत नाही." त्यांनी दलेकाकडे पाहिले. दलेकाने मान खाली घातली. पण तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि तो बाईंनी पाहिला. "कतीबसाहेब, आम्ही शेड इथे बांधली, आणि पाच वर्षांनी मी परत आले, तर या बायका काय म्हणतील?"

"आभार मानतील हो, आभार! दुसरं काय!" शुजाऊ म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "फार नम्रपणे मानतील. माझे असे नम्र आभार अनेक गावांत मानले गेले आहेत."

राजनीतीच्या माणसाच्या तोंडून ऐकलेले एवढे प्रामाणिक वाक्य मला दुसरे आठवत नाही.

परंतु टोकियोला नकाशा गेलेला होता आणि वर्ष संपत आले होते. बेटावर एकच टेलिफोन होता, शुजाऊच्या कचेरीत. बाई आत गेल्या आणि खिडकीबाहेर सारे बेट श्वास रोखून उभे राहिले. बाई जपानीत बोलत होत्या आणि बोलता बोलता टेलिफोनला वाकून नमस्कार करीत होत्या. "पलीकडच्याला दिसतंय का ते?" झुलफाने विचारले. "दिसत नसेल तरी कळत असेल," दलेका म्हणाली. "शुजाऊ कधी वाकला असता तर मला दोन तलाक पडले नसते."

बाई बाहेर आल्या. कोलंबोहून उत्तर मिळाले होते: दुसरी जागा आजच्या आज मोजून, छायाचित्रे घेऊन, आजच्याच तारखेने कतीबची सही घेता येत असेल तर चालेल. उद्या नाही.

दुसरी जागा एकच होती: मैदानाला लागून, जुन्या होडीघराच्या मागे. धूर गावाबाहेर वाहून जाईल अशी, म्हणजे वास्तविक पहिलीहून चांगली. पण तिथे केवड्याचे काटेरी रान माजले होते, मोजपट्टी आत घालणेही अशक्य. आणि त्या रानात जिन्न राहतो असे सारे मानत. पुरुष तिकडे लाकडालासुद्धा जात नसत.

"लाँच तीनला सुटते," शुजाऊ म्हणाला. "आणि तिथं तर... तो आहे ना."

"तुझ्याबरोबर दोन संसार केले मी," दलेका म्हणाली. "जिन्न मला काय करणार? कोयते आणा!"

आणि ती आत घुसली. बाईच आत गेली म्हटल्यावर पुरुषांना बाहेर राहणे अवघड झाले. कोयते आले, दोर आले. पुरुष तोडीत, बायका ओढीत. शिनोझुकाबाईंनी कोट काढून फांदीला अडकवला आणि त्या झावळ्या ओढू लागल्या. शुजाऊ "अहो बाई, नको, नको" म्हणत त्यांच्यामागे धावत होता आणि त्या "हो, हो" म्हणत दुसरी झावळी उचलीत होत्या. मी सावलीत उभा राहून देखरेख करीत होतो. दलेकाने माझ्या हातात दोर दिला आणि म्हणाली, "मास्तर, व्याकरण नंतर. ओढा." मी ओढला. माझी एकुलती चांगली विजार त्या दिवशी गुडघ्यावर फाटली.

दुपारी मासेमारीच्या धोण्या परतल्या, तशी मासा धक्क्यावर टाकून खलाशीही आले. कोणीतरी ताज्या कुप्याचा गरम रस्सा, भात, लिंबू आणि मिरच्या आणल्या. सर्वांनी उभ्याउभ्याच खाल्ले. बाईंनी रश्श्याचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. "माझ्या आजीच्या घरचा वास आहे," त्या म्हणाल्या. दलेकाने त्यांचा वाडगा न विचारता पुन्हा भरला.

रानाच्या मध्यावर पोचल्यावर पुढचे पुरुष एकाएकी थबकले. "इथं काहीतरी आहे," एकजण पुटपुटला. पालापाचोळ्याखाली गोल, काळपट डोकी दिसत होती, एकाशेजारी एक. शुजाऊ दोन पावले मागे सरला आणि दुवा पुटपुटू लागला. दलेकाने वाकून एक डोके उचलले, झटकले आणि हवेत उडवले.

ते चेंडू होते. मैदानावरून भिरकावले गेलेले आणि जिन्नाच्या भीतीने कोणीच परत न आणलेले, पिढ्यांचे चेंडू. सडलेले, फुगलेले, मुंग्यांनी घर केलेले.

"बघा रे!" दलेका ओरडली. "जिन्न आपल्याबरोबर बाशी खेळत होता! आणि एकदाही बाद झाला नाही!"

त्यानंतर ते रान तोडायला जो जोर आला तो भीतीने आला नसता. मुलांनी चेंडू पाटीत भरले. वीरक्कोडी मोजपट्टी घेऊन इकडून तिकडे धावत होते आणि आकडे मोठ्याने ओरडत होते. प्रत्येक आकड्याला बायका टाळ्या वाजवीत होत्या, जणू ते धावाच काढीत होते. तीन वाजून गेले. लाँचचा तांडेल दोनदा भोंगा वाजवून थकला आणि अखेर स्वतःच कोयता मागायला आला. ऊन पिवळे होण्यापूर्वी शेवटचे छायाचित्र निघाले. माशाच्या उलट्या ठेवलेल्या पेटीवर कागद पसरून शुजाऊने सही केली. सही वेडीवाकडी आली. कोयता धरून, हे त्याने सर्वांना निक्षून सांगितले.

आता खडकांतील वाट दिसत नव्हती. पाहुण्यांना सकाळपर्यंत थांबणे भाग होते. बाईंच्या मुक्कामाची कोणतीही तरतूद राजधानीने केलेली नव्हती, हे मी शुजाऊला सविस्तर समजावून सांगू लागलो. तोवर मैदानावर जाळे बांधले गेले होते.

"मास्तर, बाईंना विचारा," दलेका म्हणाली. "सकाळी मी विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलंय."

बाईंनी बूट काढले. मोजेही काढले. दलेकाने त्यांना जाळ्याकडे पाठ करून उभे केले, टाचा वाळूत रोवून घेतल्या, खांदा धरून फिरवला. बाईंचा पहिला फटका त्यांच्याच टोपीवर बसला. दुसरा सरळ वर गेला आणि खाली येताना वीरक्कोडींना पळावे लागले. बायका हसून हसून खाली बसल्या. बाईही हसत होत्या, तोंडावर हात धरून, आणि मग हात काढून.

"तोंड उघडून हसा!" दलेका जाळ्यापलीकडे जाऊन उभी राहत ओरडली. "इथं कुणी हळू म्हणत नाही!"

मी याचेही बिनचूक भाषांतर केले.

तिसरा फटका बसला. चेंडू बाईंच्या डोक्यावरून उंच गेला, मावळतीच्या उजेडात क्षणभर दिसेनासा झाला, आणि जाळे ओलांडून नेमका दलेकाच्या दिशेने उतरू लागला. सोपा झेल होता. शुजाऊ कडेवरून घाईघाईने ओरडला, "सोड गं, सोड! पाहुणी आहे! शेड देणाऱ्या देशाची आहे!"

सगळ्या बायका थबकल्या.

दलेकाने दोन्ही हात वर केले, चेंडू झेलला आणि छातीशी घट्ट धरला.

"बाद!" ती ओरडली.

शुजाऊने कपाळावर हात मारला. शिनोझुकाबाई वळल्या. त्यांनी चेंडू कोणाच्या हातात आहे ते पाहिले, आणि त्या कमरेत खोल वाकल्या, टेलिफोनला वाकल्या होत्या त्याहून किती तरी खोल. मग सरळ होऊन त्यांनी रॅकेट पुन्हा उचलली.

"आणखी एकदा," त्या मला म्हणाल्या. "त्यांना सांगा, आणखी एकदा."

मी सांगायच्या आधीच वीसजणींनी मिळून 'रांग! रांग!' असे उत्तर दिले होते. नियम म्हणजे नियम. बाद झालेलीने रांगेच्या शेवटी जायचे. बाईंनी रॅकेट झुलफाच्या हातात दिली आणि अनवाणी, वाळू तुडवीत जाऊन त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.